नमद्याचे दोन थर

मियाके, नारा
११ फेब्रुवारी १९८३

प्रिय दादा,

थंडी अजून हटलेली नाही, पण मागच्या शेतात प्लास्टिकच्या मांडवाखाली स्ट्रॉबेरीला रंग चढायला लागला आहे. (ऋतूबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय पत्र सुरू करायचं नाही असं आईने शिकवलंय, म्हणून लिहिलं. तू हसणार ते माहीत आहे.)

सोबत तुझ्यासाठी बेसबॉलचा, कॅचरचा नवा ग्लव्ह पाठवते आहे. हा संपूर्ण मी केलेला पहिला. कातडं निवडणं, कापणं, आत लोकरीचा नमदा भरणं, वाद्या ओवणं, सगळं माझं. बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलाय. ते सुरी घेऊन बसले की आई स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी विचारते, ‘अहो, दहा बोटं आहेत ना अजून?’ शेवटी परवा त्यांनी सुरी माझ्या पाटाकडे सरकवली. ‘बारा वर्षं शेजारी बसून बघतेयस. कर आता.’ एवढंच म्हणाले.

मी वाद्या तीनदा काढून पुन्हा ओवल्या. अंगठ्याच्या बाजूचा सातवा टाका मला अजूनही किंचित तिरका वाटतो. बाबा म्हणतात, तिरका नाही. पण त्यांना दिसत नाही ना! म्हणून तू नीट बघ आणि खरं सांग. आवडला नाही तर जुनाच वापर, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण ते माझं मी बघेन.

सात वर्षांत हिमेजी हेरन्सच्या पहिल्या संघाकडून तू एकतीस सामने खेळलास. एकतीस कात्रणं आईच्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. यंदा पन्नास होतील, असं ती तांदळाच्या दुकानदाराला सांगून आली. मी म्हटलं, असं आधी बोलू नये गं. तर म्हणते, ‘मग कधी बोलू? झाल्यावर तर सगळेच बोलतात.’

सराव शिबिरात फार गारठा असेल तर लोकरीची बनियन घाल. पत्र लांबलं, क्षमा कर.

तुझी
तामाए

•

कोची, सराव शिबिर
२ मार्च

तामू कारागीरबाई,

ऋतू: आहे. झालं? आता कामाचं बोलू.

तुझ्या ग्लव्हमध्ये पहिला चेंडू घेतला आणि ओळीत बसलेल्या तिन्ही कॅचरांनी माना वळवल्या. काय आवाज! छपरावरची कबुतरं उडाली. सातवा टाका तिरका आहे की सरळ ते बघायला मला अजून फुरसत झालेली नाही आणि होणारही नाही.

आमचे ओकिझावासान तुला टीव्हीवर पाहून ठाऊक आहेत. वय एकोणचाळीस, पिचर म्हणून विजय एकशे शहाण्णव. आणखी चार आले की दोनशे, आणि दोनशेवाल्यांना लोक रस्त्यात थांबून वाकून नमस्कार करतात. ते सरळ माझ्याकडे आले. ‘कुसाका, हा कोणी केला?’ मी म्हटलं, ‘बहिणीने.’ ‘लग्न झालंय तिचं?’ ‘नाही अजून.’ ‘होऊ देऊ नकोस. ग्लव्ह कोण करील मग?’ माणूस असा आहे. रागावू नकोस.

आता ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणासमोर चेंडू टाकतच नाहीत. सकाळपासून माझ्याच नावाने हाका. एवढं काम मला सात वर्षांत कोणी दिलं नव्हतं. शर्टावरचा क्रमांकही बदललाय, एकशे सहा. आईला म्हणावं, डबा लगेच उघडून बसू नको, वर्ष मोठं असतं.

बाबांना नमस्कार. त्यांच्या डोळ्याचं लवकर करून टाका.

मोरिओ

•

मियाके
२४ मे

प्रिय दादा,

भातखाचरांत पाणी सोडलंय आणि बेडकांनी कान किटवलेत.

वाद्या बदलायला पाठवलेला ग्लव्ह रविवारी पोचला. आपल्या घरची पद्धत तू विसरला नसशील: आलेल्या ग्लव्हमध्ये आधी हात घालायचा, सोबतची चिठ्ठी नंतर वाचायची. बाबांनी पुडकं सोडलं, हात घातला, तीन-चार वेळा मूठ उघडली, बंद केली आणि ग्लव्ह माझ्या पाटावर ठेवला. ‘बघ,’ म्हणाले आणि चहाला उठून गेले.

मी पाहिला. त्यानंतर हे पत्र लिहू की नको असे दोन दिवस गेले. लिहावं तर तुझ्या गोष्टीत नाक खुपसल्यासारखं होतं. न लिहावं तर दिसलेलं दिसलं नाही असं म्हणून टाके घालायचे. दुसरं मला जमलं नाही.

तीन महिन्यांचा ग्लव्ह दोन वर्षं वापरल्यासारखा झालाय, पण त्याच्या कडा नव्याकोऱ्या आहेत. सामन्यात बसणाऱ्या कॅचरचा ग्लव्ह मी डोळे झाकूनही ओळखेन. खालच्या कडेत माती घट्ट बसलेली असते. धावत येऊन घसरणाऱ्या खेळाडूच्या बुटांचे ओरखडे असतात. बॅटला निसटता लागून आलेल्या चेंडूंच्या वेड्यावाकड्या खुणा असतात. तुझ्या ग्लव्हवर यातली एकही खूण नाही. सगळे घाव एकाच जागी, तर्जनीच्या मुळाशी, वाटीएवढ्या खळग्यात. हजारो.

दादा, तू सामने खेळत नाहीस ना?

आई रोज सकाळी पेपरात तुझं नाव शोधते आणि म्हणते, ‘आजपण विश्रांती दिलेली दिसते त्याला.’ एप्रिलपासून चौतीस विश्रांत्या झाल्या.

आणखी एक. तळाशी एक शिवण माझी नाही. मी मेण लावलेला दोरा वापरते, तिथे मासे धरायच्या गळाचा दोरा आहे. कोणीतरी तिथून उसवून तर्जनीखालचा नमदा काढून टाकलाय. तू केलंस का? मी रागावलेले नाही. पण तो नमदा मी विचार करून घातला होता, म्हणून विचारते.

मला चुकीचं दिसलं असेल तर तसं लिही. चुकीचंच दिसलेलं असू दे, असं सारखं वाटतंय.

तामाए

•

हिमेजी, क्लबचं वसतिगृह
३० मे

तामू,

ऋतू आहे, बेडूक नाहीत.

तू पोलिसात का नाही गेलीस? गळाच्या दोऱ्यापर्यंत बरोबर!

गेल्या नोव्हेंबरात क्लबच्या ऑफिसात बोलावलं. चहा दिला. आमच्याकडे ऑफिसात चहा दिला की खेळाडूने समजून घ्यायचं असतं. म्हणाले, ‘कुसाका, तुझे हात सोन्याचे आहेत, पण बॅट म्हणजे अगदी लाकूड. बुलपेनमध्ये राहतोस का?’ म्हणजे कडेच्या जाळीआड पिचर लोक सामन्याआधी हात मोकळा करतात, तिथे त्यांच्यासमोर बसून चेंडू घ्यायचे. रोज अडीचशे. सामना सुरू झाला की मैदानात पाऊल ठेवायचं नाही. खेळाडूंच्या यादीत नाव नाही, क्रमांक तीन आकडी. आम्हाला इथे ‘भिंत’ म्हणतात. ‘ए भिंत, इकडे ये.’ सवय होते.

नववर्षाला घरी आलो ते सांगायलाच. तर आईने तांदळाच्या दुकानदाराला बोलावून बसवलेलं, त्याला माझी सही हवी होती. तोंडात तांदळाची चिकट मोची, हातात त्याचं पेन. तूच सांग, कसा सांगणार होतो?

आता नमद्याचं. मीच काढला. तामू, माझं काम चेंडू पकडणं नाही, वाजवणं आहे. मैदानावर जायच्या आधी पिचर शेवटचं काय ऐकतो? माझ्या ग्लव्हचा आवाज. तो कडाडला की त्याची छाती फुगते, वाटतं आज आपल्याला कोणी हात लावत नाही. त्यासाठी चेंडू बरोबर तर्जनीच्या मुळाशी घ्यावा लागतो आणि तिथे कातड्यात आणि हाडात जेवढं कमी, तेवढा आवाज मोठा. नमदा सगळा आवाज पिऊन टाकतो.

ओकिझावासानांचे एकशे नव्याण्णव झाले. एक राहिला. मला नवा ग्लव्ह हवा, आणि त्या जागी नमदा नकोच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाठव.

घरी यातलं काही बोलू नकोस. मी सांगेन, माझ्या वेळेला.

मोरिओ

•

मियाके
६ जून

प्रिय दादा,

आईने उमेच्या हिरव्या फळांना लोणच्यासाठी मीठ लावून ठेवलंय, सगळ्या घरात आंबट वास आहे.

तुझं पत्र मी नमद्याच्या गुंडाळीत लपवलंय. काल बाबांनी विचारलं, ‘पाहिलास ग्लव्ह?’ मी म्हटलं, ‘पाहिला.’ ‘मग?’ ‘वाद्या बदलते.’ हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. तेव्हापासून जेवताना मी त्यांच्यासमोर बसत नाही, दाराशी बसते आणि म्हणते तिथे वारा येतो.

तू भिंत झालास याचं मला काही वाटत नाही. खरंच नाही. अडीचशे चेंडू रोज घेणारा माणूस बसून खाणारा नव्हे. मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते.

योशिनोच्या मामाची बोटं आठवतात ना? जंगलात यंत्राची करवत धरून धरून मेणबत्तीसारखी पांढरी झालेली? परवा मामी आली होती. आता त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, मामी लावते. मी मामीला उगाच विचारल्यासारखं विचारलं, सुरुवातीला फार दुखायचं का हो त्यांना? ती म्हणाली, ‘कुठलं दुखतंय! दुखलं असतं तर थांबले नसते का?’

दादा, तुझी डावी तर्जनी पांढरी पडते का?

एक कर. बादलीत गार पाणी घे, दोन्ही हात पाच मिनिटं बुडव. मग बाहेर काढून कुठल्या तर्जनीला किती वेळात लाली येते ते घड्याळ लावून मोज. आकडे मला कळव. तोवर मी कातड्याला सुरी लावणार नाही. हे धमकावण्यासारखं झालं असेल तर क्षमा कर, पण लावणार नाही.

तामाए

•

हिमेजी
२१ जून

डॉक्टरीणबाई,

उजवी: दोन मिनिटं. डावी: चहा निवला तोवर तरी नाही. मग फुजिनो, आमचा दुसरा कॅचर, आंघोळीला हाक मारायला आला आणि मोजायचं राहिलं. ‘कुसाकासान, बादलीत काय धुताय?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘नशीब.’ हसला.

हो, पांढरी पडते. गार दिवशी दुसऱ्या पेरापर्यंत. दुखत नाही. गेल्या आठवड्यात ग्लव्हची शिवण घालत होतो, दोरा लाल दिसला तेव्हा कळलं की सुई बोटात गेली आहे. हे तुला हसायला सांगतोय, रडायला नाही.

क्लबच्या डॉक्टरकडे गेलो तर तो तिथल्या तिथे ग्लव्ह काढून घेईल. मग? माझ्याकडे बॅट नाही, नाव नाही. माझ्याकडे फक्त तो आवाज आहे. तो गेला तर बेसबॉलमध्ये मला उभं राहायला वीतभर जागा नाही. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून बाबांनी अंगणात बसवून ग्लव्ह तपासायला माझ्यावर चेंडू मारले. दुसरं काही येत नाही मला, तामू.

ओकिझावासान तीन वेळा उतरले आणि तीन वेळा हरले. पण जिंकतील. एकच हवा आहे. तो झाला की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो, आईची शपथ. ग्लव्ह पाठव.

मोरिओ

•

मियाके
४ जुलै

प्रिय दादा,

ग्लव्ह पाठवते आहे. तू सांगितलंस तसाच केला आहे. कातडं नवं असल्यामुळे आवाज पहिल्यांदा थोडा दबलेला वाटेल. वापरून खुलेल.

आईने लोणचं दिलंय. बोटाला जप.

तामाए

•

हिमेजी
१९ जुलै

तामाए,

चौदाला ओकिझावासानांचा सामना होता. घरचं मैदान, सगळ्या खुर्च्या भरलेल्या, त्यांच्या गावाहून दोन बसगाड्या आलेल्या. चार दिवस मी तुझा ग्लव्ह तरुण पिचरांवर वापरून पाहिला होता. दबलेला होता. खुलेल, तू लिहिलं होतंस. मी वाट पाहिली. जुना ग्लव्ह वसतिगृहात ठेवून आलो.

त्यांनी पहिला चेंडू टाकला. ढप.

‘पुन्हा,’ म्हणाले. ढप. मी जागा बदलली, मनगट आवळलं, होतं नव्हतं ते सगळं केलं. ढप. ओल्या गादीवर काठी मारावी तसा. पंचवीस चेंडू टाकून जाणारा माणूस त्या दिवशी पन्नास टाकत राहिला, प्रत्येक आधीच्यापेक्षा जोरात, नुसता आवाज निघावा म्हणून. घाम डोळ्यात जात होता तरी पुसत नव्हते. मग मैदानात गेले आणि दुसऱ्याच डावात पाच धावा देऊन परत आले.

नंतर जाळीआड माझ्याशेजारी येऊन बसले. माझा ग्लव्ह उचलून हात घातला, दाबून पाहिला. ‘कुसाका, ग्लव्ह मुका झालाय की चेंडू?’

मी म्हटलं, ‘ग्लव्ह.’

‘मग उद्या जुना आण.’

आणला. चौथ्या चेंडूला तो कडाडला आणि ते हसले, महिन्यात पहिल्यांदा. विसाव्या चेंडूला ग्लव्ह माझ्या हातातून गळून पडला. मला कळलंच नाही, त्यांनी पाहिलं. जवळ येऊन माझं बोट धरलं. खडूसारखं होतं. दुसऱ्या पेरापर्यंत नव्हे, मुळापर्यंत. मला उचलून डॉक्टरकडे त्यांनीच नेलं. आतली रक्तवाहिनी चेपत चेपत जवळजवळ बंद झाली आहे म्हणे. आणखी एक महिना चेंडू घेतले तर बोट काढावं लागेल. उद्या इस्पितळात भरती.

काल मी तुझ्या ग्लव्हची तळाची शिवण उसवली. सापडलं मला. एक नाही, दोन थर!

तू कारागीर आहेस. सांगितलेली वस्तू द्यायची, नाहीतर नाही म्हणायचं. ‘वापरून खुलेल’ म्हणे! चार तारखेच्या पत्रात ऋतूच्या दोन ओळी नव्हत्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. माझं जाऊ दे. त्या माणसाचा दोनशेवा तुझ्या नमद्यात गेला.

मोरिओ

•

मियाके
२३ जुलै

दादा,

उन्हाळा आहे, रातकिडे दिवसाही ओरडताहेत.

हो. दोन थर. मी घातले. आणि ‘वापरून खुलेल’ हे मी खोटं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पत्रात खोटं लिहिलं. नाही म्हणायचं होतं, तर तू म्हणतोस तसं स्पष्ट नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर तू जुनाच वापरला असतास. हे मी पंधरा दिवस तराजूत घालून पाहिलं. दुसरा रस्ता मला दिसला नाही. तुला दिसत असेल तर सांग, पुढच्या वेळी तो घेईन.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बाबांना सगळं सांगून टाकलं. ते ग्लव्हचं बोट घासत होते, घासतच राहिले. म्हणाले, ‘मे महिन्यात हात घातला तेव्हाच समजलं. तो सांगेल म्हणून थांबलो. तू सांगशील म्हणून थांबलो. कोणीच बोलेना.’ मग थोड्या वेळाने विचारलं, ‘किती थर घातलेस?’

‘दोन.’

‘तीन घालायचे होतेस.’

आईला त्यांनीच सांगितलं. ती मला म्हणाली, ‘आता तांदूळ दुसऱ्या दुकानातून आणत जा.’ पण तासाभराने स्वतःच जुन्या दुकानात गेली आणि काउंटरवरच त्याला सांगून आली. काय बोलली ते सांगत नाही. मोठी पिशवी घेऊन आली एवढं मात्र खरं.

तुझ्या बोटाबद्दल मी माफी मागणार नाही. ओकिझावासानांची मात्र मागायला हवी, आणि तू हो म्हणालास तर मी त्यांना स्वतः लिहीन. पण त्याआधी मला एक सांग, कारण ते कळल्याशिवाय कशाची माफी मागायची हेच मला ठरवता येत नाही.

एप्रिलमध्ये तुझा जुना ग्लव्ह कडाडायचा, जूनमध्येही कडाडायचा. ते तीन वेळा हरून आले तेव्हाही सामन्याआधी कडाडलाच असेल. दादा, त्यांचा चेंडू खरंच तेवढा जोराचा होता का? की तू वाजवत होतास?

मी ग्लव्हमध्ये एकदा खोटं घातलं. तू रोज अडीचशे वेळा घालत होतास का?

हे फार कठोर झालं आहे. खोडावं असं तीनदा वाटलं. खोडत नाही.

तामाए

•

मियाके
१५ ऑगस्ट

प्रिय दादा,

पितरांसाठी दाराशी दिवा लावला. तू आला नाहीस, तुझं ताट आईने तरीही मांडलं.

इस्पितळात फोन केला तर नर्स म्हणाली, शस्त्रक्रिया ठीक झाली, पेशंट झोपलेत. दुसऱ्यांदा केला तेव्हाही झोपलेत. तिसऱ्यांदा ती म्हणाली, ‘ताई, ते समोर बसलेत आणि झोपलोय म्हणून सांगायला सांगतायत.’ तिला ओरडू नकोस. मीच रडायला लागले होते.

मी लिहिलं ते चुकीचं असेल तर चुकीचं आहे म्हण. गप्प राहू नकोस. बाबांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया वीस तारखेला आहे. मी रोज सुरी हातात घेते आणि काही न कापता खाली ठेवते. कोणासाठी ग्लव्ह करत बसले की वाटतं, आत काय घालते आहे मी?

तामाए

•

हिमेजी
९ ऑक्टोबर

प्रिय तामाए,

पर्सिमन पिकायला लागलेत. वसतिगृहाच्या मागे एक झाड आहे, त्यावर कावळ्यांची रोज भांडणं चालतात. हे मी थट्टेने लिहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अडीच महिने लागले, कारण ते आधी दुसऱ्या कोणाला द्यायचं होतं.

बोट राहिलं. टोक गार असतं, नखाचा रंग वाईट आहे, पण राहिलं. डॉक्टर म्हणाले, ग्लव्ह पुन्हा घालायचा नाही, कधीच नाही. मी मान हलवली आणि बाहेर येऊन बाकावर तासभर बसलो. सप्टेंबरच्या पाच तारखेला सामान न्यायला मैदानावर गेलो. ओकिझावासान एकटेच जाळीआड बसले होते, खांद्याला बर्फ बांधून. एकशे नव्याण्णववरच होते. मला बघून सरकले आणि जागा करून दिली.

मी म्हटलं, ‘त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी ग्लव्ह म्हणालो. मुका चेंडू होता.’

ते समोर बघत राहिले. ‘कधीपासून?’

‘मे संपताना. एकशे नव्याण्णवाच्या पुढच्या सामन्यापासून. माझ्यापर्यंत येईस्तोवर त्याचा जोर थोडा मरतो. मी मनगटाने वाजवत होतो.’

मला वाटलं, मारतील. सीनिअर माणूस, मारलं असतं तरी कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी बर्फाची पिशवी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘वा रे वा. कॅचर म्हणजे पिचरची बायको म्हणतात. घरच्या बायकोने जूनमध्येच सांगितलं, अहो, टीव्हीवर बघून कळतं, चेंडू पोचत नाही तुमचा. तिला मी म्हटलं, तुला काय कळतंय, कुसाकाचा ग्लव्ह ऐक जाऊन! आणि मैदानावरची बायको ही अशी निघाली.’ मग इतके हसले की खोकला लागला. मीही हसलो.

जाताना म्हणाले, ‘उद्या ये. पकडू नकोस. फुजिनो पकडेल. तू नुसता मागे उभा राहून बघ आणि तोंडाने सांग. खोटं सांगितलंस तर हे दुसरं बोट मी तोडीन.’

महिनाभर गेलो. फुजिनोच्या मागे, जाळीपलीकडे उभा राहायचो. तामू, इतकी वर्षं मी त्या चेंडूच्या शेवटच्या टोकाशी बसलो होतो, तो येताना लांबून कसा दिसतो ते मला माहीतच नव्हतं. मी म्हणायचो, मेला. उंच राहिला. हा चांगला. हा पण मेला. ते शिव्या घालायचे आणि पुढचा टाकायचे. जोराचा नाद सोडला त्यांनी. हळू, खाली पडणारे चेंडू टाकायला लागले. ‘म्हातारपणी चालायला शिकतोय,’ म्हणायचे.

काल शेवटचा सामना होता. सात डाव टाकले, एकच धाव दिली. पण आमच्या लोकांनी एकही केली नाही. एक-शून्य. हरले. दोनशेवा नाही झाला आणि आता होणारही नाही, आज सकाळी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. तुझ्या माफीचं मी त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, ‘एकशे नव्याण्णव. लिहायला वाईट आकडा आहे, पण शेवटचा सामना तरी मी बहिरा नसताना टाकलाय. तिला म्हणावं माफी नको, कोणी भला दिसला तर लग्न कर.’

आता माझं. मॅनेजर जाता जाता म्हणाले, ‘फेब्रुवारीत कोचीला ये. हात नकोत तुझे, डोळे आण.’ कागद काही नाही, ऑफिसातून निरोप नाही, चहाही नाही. नुसता शब्द आहे, आणि इथे शब्द किती दिवस टिकतात ते मी पाहिलंय. येईन की नाही, ठेवतील की नाही, काही सांगता येत नाही. पण मी बाबांना फोन करून सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. एका डोळ्याने आता चांगलं दिसतं, एवढं मात्र शेवटी म्हणाले.

तू सुरी उचलून कापायला लाग. आत काय घालतेस ते घेणाऱ्याला सांगून टाक, म्हणजे झालं. मला सांगून थर घातले असतेस तर मी ग्लव्ह परत पाठवला असता, हेही खरं आहे. हे दोन्ही माझ्याकडे एकाच वेळी खरं आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. काल सामन्याआधी त्यांनी चाळीस चेंडू टाकले. मी जाळीमागे उभा होतो, हात मोकळे. प्रत्येक चेंडू सुटला की माझा डावा हात आपसूक वर यायचा आणि फुजिनोच्या ग्लव्हचा आवाज यायच्या क्षणाला बंद व्हायचा. चाळीसच्या चाळीस वेळा. शेवटी मी तो पँटच्या खिशात घातला. खिशातसुद्धा तो उघडत होता, बंद होत होता.

तुझा
मोरिओ